मशीनची दसऱ्याची सुटी

आभा गावंडेने चिमट्याने ॲल्युमिनियमचं सील उचकटलं, रबरी बूच ओढून काढलं आणि सतराव्या लॉटची शेवटची बाटली ब्लीचिंगच्या पाण्याच्या टबात उपडी केली. आतलं पिवळं ढेकूळ पाण्यात दोन गोते खाऊन विरघळलं. शेजारच्या स्टुलावर बसलेल्या माणसाने हातमोजे काढले, कमरेला हात लावला आणि "झालं" म्हटलं.

तर, असं काही झालेलं नाही.

यवतमाळच्या एमआयडीसीतल्या 'इंगोले बायोकेअर'च्या दफ्तरात सोळाव्या लॉटनंतर थेट अठरावा लॉट येतो. मधे काही नव्हतं. जे नव्हतं ते बिघडू शकत नाही, जे बिघडलं नाही ते कुणी फेकू शकत नाही, आणि जे फेकलंच नाही त्यावरून कुणाचं डोकं फिरायचंही कारण नाही. आपण कंपनीच्या शब्दाला मान देऊ आणि जे झालं नाही ते सोमवार सकाळपासून सांगू.

सोमवारी सकाळी धर्मपालने ड्रायरच्या दाराला हात घातला तेव्हा दांडीवर झेंडूचा सुकलेला हार होता आणि तापमान दाखवणाऱ्या पडद्यावर हळदीकुंकवाची बोटं. आत किती अंश आहेत ते कुंकवाखाली गेलं होतं.

"पूजा झाली वाटते," तो म्हणाला. ड्रायर चालवणारा तोच. दसऱ्याला तो दरवर्षी रजा टाकून नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. या शनिवारीही गेला होता, रविवारी भरलेल्या बसमध्ये उभ्याने परतला होता आणि त्याचे डोळे अजून बसमधून उतरायचे होते.

"दार उघड," मागे टॉर्च घेऊन उभी असलेली आभा म्हणाली. मालाची तपासणी तिच्याकडे. तिने पास म्हटल्याशिवाय बाटली गेटबाहेर जात नाही, असा नियम भिंतीवर लावलेला आहे.

या कारखान्यात जे बनतं ते साधं सांगायचं तर उत्तर आधीच ठाऊक असलेलं रक्त. रक्तातला लाल भाग वेगळा केला की फिकट पिवळं पाणी उरतं, त्याला प्लाझ्मा म्हणतात. तो बोटभर बाटल्यांत भरायचा, गोठवायचा, आणि मग ड्रायरमधली हवा ओढून घेऊन त्यातला बर्फ न वितळवता परस्पर उडवून लावायचा. याला तीन दिवस लागतात. शेवटी तळाशी बत्ताशासारखी हलकी टिकली उरते. लॅबवाला सकाळी तिच्यात मोजून पाणी घालतो आणि आपल्या मशीनला विचारतो, सांग, हे गोठायला किती सेकंद लागतात? उत्तर बारा आहे हे बाटलीवर छापलेलं असतं. मशीन बाराच्या आसपास बोललं तर ते शुद्धीवर आहे, मग पेशंटचं रक्त त्याच्या हवाली करायचं. वीस बोललं तर आधी मशीनवर इलाज करायचा. थोडक्यात, सगळ्यांची परीक्षा घेणाऱ्या मशीनची ही रोजची परीक्षा. या बाटलीला धंद्यात 'कंट्रोल' म्हणतात.

धर्मपालने ट्रे ओढला. आभाने टॉर्च मारला.

बत्तासा नव्हता. गुळाची चिकी करून झाल्यावर कढईला लागून राहतो तसा तपकिरी, चकचकीत थर बाटल्यांच्या तळाला चिकटला होता. कुठे जाड, कुठे नुसता डाग. दुसरा ट्रे तसाच. तिसरा तसाच.

"हे वितळलं न् मंग पुन्हा गोठलं, मॅडम," धर्मपाल म्हणाला.

"लाईट गेली होती?"

"लाईट गेली त जनरेटर लागते. आपल्या मनानं लागते."

"मग?"

 धर्मपालने हाराकडे पाहिलं. आभानेही पाहिलं.

राग आला की आभा फार सभ्य होते. आवाज खाली येतो, समोरच्याचं 'आपण' होतं आणि हात कोरा कागद शोधायला लागतात. वर्षभरात तिने व्यवस्थापनाला बरेच अर्ज केले होते. कॅन्टीनच्या चहात चहा आहे किंवा कसे याची रोज तपासणी व्हावी, असा एक होता. पाहुण्यांना कारखाना दाखवताना सरांनी 'हे सगळं मी शोधलं' असे म्हणू नये, असा एक. मंजूर एकही झाला नव्हता. धर्मपाल ते डब्याच्या सुटीत मोठ्याने वाचायचा आणि हसता हसता त्याला ठसका लागायचा, एवढाच त्यांचा उपयोग.

तिने ट्रे आत ढकलला, हार दांडीवरून काढून धर्मपालच्या हातात दिला आणि गेटकडे गेली.

बोरी अरबची कापसाची जिनिंग विकल्यापासून वामनराव इंगोले रोज मुलाच्या गाडीत बसून कारखान्यात यायचे आणि गेटजवळच्या निंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कारखाना चालू आहे की नाही ते कानाने तपासायचे. मालक मुलगा, नंदकिशोर. पण चौकीदारापासून सगळे पहिला नमस्कार निंबाखाली करायचे. त्यांच्या छातीत हृदयाची एक झडप धातूची होती. जवळ बसलं की टिकटिक ऐकू यायची. पहिल्या दिवशी आभाला वाटलं होतं की यांच्या खिशात घड्याळ आहे.

"काकाजी, दसऱ्याला पूजा आपण केली?"

"मंग कोण करन? नंदूले नारळ फोडता येत नाही, त्याच्यातलं पाणीच सांडवते." वामनराव खूश दिसत होते. "बेस केली. लांब फोडला नारळ. तुह्या काचेच्या सामानाले शितोडा नाही लागू देला."

"मशीन चालू होती तेव्हा?"

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. "चालत्या मशीनले हार घालत नसते, बेटा. कधीच नाही. बोरीच्या जिनिंगमधी पंजाबरावानं घातलता. चालू रोलर, न् हा हार घालून राह्यला. हारासंगं हात गेला. इथलोक." त्यांनी कोपराच्या वर बोट टेकवलं आणि ते बराच वेळ तिथेच ठेवलं. "तवापासून आपला नियम हाय. दसऱ्याले मेन बंद, मंग पूजा. मंग दिवसभर आराम. राबते ना बिचारी वर्षभर."

"ती ओरडली नाही का?"

"ओरडली ना. पी पी पी करे. म्हटलं, बाई, आज तुले सुटी हाय, चूप बस. मागचा मेनच पाडला. संध्याकाळी दिवा लावला न् वापस चालू केली. एका झटक्यात चालू झाली पाय." जिनिंगमध्ये हे कौतुकाचं होतं. आराम मिळालेलं मशीन एका झटक्यात चालू होतं.

आभाला खूप काही बोलायचं होतं. आपण दिवसभर मशीनला नाही, बाटल्यांतल्या माणसांना आराम दिलात, असं काहीतरी. पण पंजाबरावाचा हात मधे आला. त्या हाताला ओलांडून तिला रागावता येईना. राग तसाच हातात राहिला, कुठे ठेवावा कळेना.

"तू कायले चिडली?" वामनरावांनी विचारलं. "बेबीताईसारखा चेहरा झाला तुह्या."

"कोण बेबीताई?"

"दारव्ह्याले अनिमेषच्या लॅबात येते. अनिमेष म्हणजे माह्या भाचा. मी रक्त तपासाले तिथंच जातो ना, रक्त पातळ हाय का घट्ट हाय ते पाहाले. त्याच्यावरून गोळी ठरते. ते बेबीताईबी त्याचसाठी येते, तिचीबी झडप बदलेल हाय. अख्ख्या लॅबात एक पंखा चालते, न् त्याच्या खाली ती बसते. नंबर कोणाचाबी असो. दोनदा भांडलो. तिसऱ्या वक्ताले म्या वारच बदलला. गुरुवार धरला. शनिवार तिले देऊन टाकला, पंख्यासंगं."

त्यांनी हे अजून हरलेल्या माणसासारखं सांगितलं. आभाने मान हलवली आणि लॅबमध्ये परत गेली.

तिने सतराव्या लॉटच्या काही बाटल्या फोडून, पाणी घालून मशीनला लावल्या. एक पंधरा बोलली. एक एकवीस. एक तेरा. सगळ्या एकाच भांड्यातून भरलेल्या. तेरावालीला वाटत असेल आपण पास झालो. आभाने तिला टबात टाकलं.

उमरखेडच्या शिबिरात लोकांनी रांगेत बसून हात पुढे केले होते, रक्त दिलं होतं आणि वर केळं खाऊन कामाला गेले होते. त्यातलाच हा प्लाझ्मा. आभाने तो स्वतः उतरवून घेतला होता. आणि शुक्रवारी ट्रे लावताना तिने नंदकिशोरला म्हटलं होतं की दसरा होऊ द्या, मग भरू. तो म्हणाला होता, "मशीनले काय समजते दसरा?"

दुपारी तीन बाटल्या घेऊन ती त्याच्या खोलीत गेली. नंदकिशोरने एक उचलून उजेडाला धरली, सोनार खडा धरतो तशी.

"किती येऊन राह्यलं?"

"पंधरा, एकवीस, तेरा."

"पाह्यजे किती?"

"बारा. कुठलीही उघडली तरी बारा."

"म्हणजे हे नॉर्मल नाही."

"नाही."

"म्हणजे ॲबनॉर्मल आहे."

"बिघडलंय, सर."

"तेच म्हणतो मी." त्याने बाटली खाली ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. आता तो समजावण्याच्या सुरात आला. "आपण आजारी रक्तासारखा ॲबनॉर्मल कंट्रोलही विकतो की नाही? त्याच्यासाठी चांगला प्लाझ्मा आपण मुद्दाम बिघडवतो. किती मेहनत लागते? हा आपल्या मनाने बिघडला. लेबल बदला, झालं."

आभाने खोल श्वास घेतला. "ॲबनॉर्मलचंही उत्तर ठरलेलं असतं, सर. वीस तर वीस. ही दर बाटलीला वेगळं बोलते."

"मग रेंज मोठी टाका. बारा ते बावीस."

"बारा ते बावीसमध्ये पोळ्याचा बैलही बसेल."

"चांगलंच आहे. तक्रार येणार नाही."

त्याने हे विनोदाने म्हटलं नव्हतं. म्हणूनच आभाचा आवाज आणखी खाली गेला.

"तक्रार येणार नाही, कारण हा सगळ्यांना पास करेल. लॅबचं मशीन पार बिघडलेलं असेल, तरी आपली बाटली म्हणेल, सगळं ठीक. मग रक्त पातळ करायची गोळी खाणारा माणूस येईल. त्याचं रक्त आधीच पातळ झालेलं असेल, पण आकडा येईल घट्टचा. डॉक्टर गोळी वाढवेल. आणि एक दिवस सकाळी दात घासताना..." ती थांबली.

"दात घासताना काय?"

"रक्त थांबणार नाही."

नंदकिशोरने बाटलीवरून बोट काढून घेतलं. तो थोडा वेळ टेबलाच्या काचेकडे पाहत राहिला. काचेखाली बोरीच्या जिनिंगसमोर उभ्या वामनरावांचा जुना फोटो होता, हातात हार. आभाला वाटलं, झालं, समजलं याला.

"माल गुरुवारी निघाला पाह्यजे," तो म्हणाला. "गेल्या वेळीही उशीर झालता. या वेळी झाला तर पुढची ऑर्डर हैदराबादवाले नेतील, मग तुम्ही न् मी दोघंही निंबाखाली बसू. सही करा."

"मी करणार नाही."

"मग सुरभी करेल."

"सुरभी बिलं करते."

"तिची सही तुमच्यापेक्षा चांगली आहे. वळणदार."

आभा उठली. दारापर्यंत जाऊन वळली. "काकाजींना सांगितलंत आपण? मशीन बंद केल्याने काय झालं ते?"

"बाबांना काही सांगायचं नाही," नंदकिशोर पटकन म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज खरा होता. "शुक्रवारीच सांगणार होतो की मशीन भरेल आहे, हात लावू नका. राहून गेलं. आता सांगितलं तर जीवाला लावून घेतील. त्यांना त्रास नको."

मंगळवारी नवीन लेबलं छापून आली. निळ्यावर पांढरं, 'ॲबनॉर्मल', खाली बारा ते बावीस. सुरभीने सह्या केल्या. सह्या खरोखरच वळणदार होत्या. आभाने दिवसभर लॅबमधली सगळी काचेची भांडी धुतली, धुतलेली पुन्हा धुतली, आणि एक मोजनळी तिच्या हातात फुटली तेव्हा "माफ करा" असं नळीला म्हणाली. मॅडम असं बोलायला लागल्या की आपण बाजूच्या खोलीत काम शोधावं, हे धर्मपालला माहीत होतं. त्याने शोधलं. काम नव्हतं, तरी शोधलं.

दारव्ह्याच्या त्या पंख्याखाली बसलेली बाई आभाने कधी पाहिली नव्हती. पण भांडी धुताना ती दिसत राहिली. पदर खोचलेला, चेहरा चिडलेला, जागा कुणाला न देणारी. अशा बाईने दात घासताना चूळ भरावी आणि पाणी लाल दिसावं, आणि ते लाल होतच राहावं. आणि त्या दिवशी दारव्ह्याच्या मशीनला कुणी विचारलंही नसेल की बाबा, तू शुद्धीवर आहेस का, कारण बाटलीने आधीच हो म्हणून ठेवलेलं असेल.

बुधवारी दुपारी वामनराव स्वतःहून आत आले. ते सहसा निंब सोडत नसत. त्यांना हार हवा होता.

"पूजेचा हार कोणाच्या पायाखाली येऊ नाही," ते म्हणाले. "पाण्यात सोडाव लागते."

धर्मपालने तो टाकून न देता एका खिळ्याला अडकवून ठेवला होता. त्याने तो आणून दिला. वामनराव हार हातात घेऊन परत निघाले आणि आभा त्यांना पायरीपर्यंत सोडायला बोळातून चालली. नंदकिशोरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तो फोनवर बोलत होता. इंगोल्यांच्या घरात फोनवर बोलायची पद्धत एकच आहे, ज्याच्याशी बोलायचं त्याला फोनशिवायही ऐकू गेलं पाहिजे.

"...हो, अनिमेष, सतराचा माल उद्या निघेल. तुले पेटी येईल. पण ऐक, बाबा उद्या येतीन ना तुह्याकडे? उद्या सोळाच्याच बाटल्या वापर. राह्यल्या आहेत ना? नसतीन त मी ड्रायव्हरसंगं पाठवतो. नाही, नाही, सतरा चांगलाच आहे. फर्स्ट क्लास आहे. पण उद्या सोळा उघड. बाबांच्या वेळेस सोळा. समजलं ना?"

आभा थांबली. वामनरावही थांबले. बोळात एवढी शांतता झाली की त्यांच्या छातीतली टिकटिक ऐकू आली.

 दोन दिवस आभा समजत होती की या माणसाला कळलं नाही. त्याला सगळं कळलं होतं. पोळ्याचा बैलही कळला होता.

वामनरावांनी हार डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने दार ढकललं.

"अन् शनिवारी?" ते म्हणाले.

नंदकिशोरने फोन कानावरून काढला. "शनिवारी काय, बाबा?"

"शनिवारी अनिमेष कोणती उघडन?"

"तुमचा वार गुरुवार आहे ना."

"माह्या गुरुवार हाय," वामनराव म्हणाले. "शनिवार बेबीताईचा हाय."

फोनमधून अनिमेष "हॅलो, हॅलो, दादा?" म्हणत राहिला.  मग तो थांबला.

"सतराले काय झालं?" वामनरावांनी विचारलं. मुलाला नाही, आभाला.

आभाने नंदकिशोरकडे पाहिलं. त्याने मान हलवली, सांगू नका. तिच्या तोंडून अतिशय सभ्य मराठी निघाली. "काकाजी, शनिवारी आपण मशीन बंद केलीत तेव्हा आत सतरावा लॉट होता. तो वितळला. आपल्याला सांगायचं नाही असं सरांनी ठरवलं. आपल्याला त्रास होईल म्हणून."

वामनरावांनी हाताकडे पाहिलं. हातात हार होता. त्यांनी तो हळूच नंदकिशोरच्या टेबलावर ठेवला, निळ्या लेबलांच्या गठ्ठ्यावर. सुकलेल्या पाकळ्या थोड्या सांडल्या.

"पंजाबरावाले म्या शेवटपर्यंत घरबसल्या पगार देला," ते म्हणाले. "चूक त्याची होती तरी देला. हे त माह्यी हाय." मग आभाकडे वळून, "कुठं हाय तो माल?"

त्यानंतर जे झालं ते, आधीच सांगितल्याप्रमाणे, झालं नाही. तरी कसं झालं नाही ते सांगायला हवं.

धर्मपालने पेट्या परत आत आणल्या. निळी लेबलं लागलेल्या बाटल्या टेबलावर ओतल्या गेल्या. एका टबात ब्लीचिंगचं पाणी, बाजूला पिवळ्या पिशव्या. नियम असा की आतला माल आधी विरवायचा आणि मग काच पिशवीत घालायची, म्हणून एकेक बाटली उघडणं भाग होतं. वामनराव स्टूल ओढून बसले आणि त्यांनी चिमटा मागितला.

"चिमटा नाही देणार, काकाजी," आभा म्हणाली. "सीलची धार लागते. आपण गोळी खाता. लागलं तर थांबणार नाही."

"मंग म्या काय करू?"

"मी सील काढते. आपण बूच काढा."

अशी वाटणी झाली. तिने सील काढायचं, त्यांनी बूच ओढायचं, धर्मपालने बाटली पाण्यात बुडवायची. हातमोजे वामनरावांना मोठे झाले होते, बोटांची टोकं रिकामी लोंबत होती, तरी बूच पक्कं पकडत. जिनिंगवाल्यांचे हात. सुरुवातीला ते दर बाटलीला काहीतरी पुटपुटत होते, आभाला वाटलं, मंत्र. मग लक्षात आलं, ते तिला शिव्या देत होते. बाटलीला. मग मशीनला. मग दसऱ्याला. मग नुसतं "नंदू", "नंदू", "नंदू".

मधेच नंदकिशोर दारात आला. हैदराबादवाल्यांचं काहीतरी बोलणार होता, तोंड तसं होतं. त्याने टेबलाकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं, मग बापाच्या हातांकडे पाहिलं.

"बाबा," तो म्हणाला, "हातमोजे तरी बरोबर घाला."

वामनरावांनी मान वर केली नाही. "हात धू न् बस, नाहीतर दार लाव. एसीची हवा जाते."

 नंदकिशोरने दार लावलं. बाहेरून. आभाला पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण ओरडण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाटल्या उरल्या होत्या. तिने पुढचं सील उचकटलं.

ती गोष्ट जी झाली नाही, तिचा शेवट असा. वामनराव त्या आठवड्यात गुरुवारी दारव्ह्याला गेले नाहीत. शनिवारी गेले. अनिमेष सांगतो की बेबीताई पंख्याखाली बसली होती आणि मामा दाराजवळ उन्हात बसले. त्याने सकाळी सोळाची बाटली उघडली होती, मामांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग ते बेबीताईशी भांडले. नेहमीपेक्षा जास्त भांडले, म्हणतात, आणि अनिमेषला ते बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी आभाला कंपनीचं पत्र आलं. तिने आपल्या वागणुकीचा लेखी खुलासा आठवडाभरात करावा. कुठल्या दिवशीची वागणूक, कशाबाबतची, ते पत्रात नव्हतं. असू शकत नव्हतं. धर्मपालने ते तीनदा वाचलं आणि विचारलं, "आता काय करान, मॅडम?"

"अर्ज," आभा म्हणाली. तिने कोरा कागद घेतला. आवाज अगदी खाली होता.

'मा. व्यवस्थापकीय संचालक यांस,

आपल्या पत्रान्वये माझ्या वागणुकीचा खुलासा मागवण्यात आला आहे. सदर प्रसंग कंपनीच्या दफ्तरानुसार घडलेलाच नसल्याने त्यात मी कशी वागले हे मला ठाऊक नाही. बहुधा बरी वागले असेन.

या निमित्ताने विनंती करण्यात येते की, ड्रायर मशीनला दरवर्षी दसऱ्याची हक्काची सुटी मंजूर करण्यात यावी. त्या दिवशी मशीनमध्ये माल भरलेला असल्यास बदली म्हणून आपण स्वतः उणे चाळीस अंशांवर, हवा काढलेल्या जागेत, मशीन कामावर परत येईपर्यंत हजर राहावे. हार घालायचा झाल्यास आपण पूर्ण थांबल्याची खात्री करूनच घालण्यात येईल.

तसेच, यापुढे या कंपनीच्या व तिच्या मालाच्या सर्व कामांसाठी गुरुवार आणि शनिवार हे दोन्ही वार एकच समजण्यात यावेत, ही नम्र विनंती.'